जुन्या जपानी पटाशीचं मोल
लेखमाला ‘हत्यारांची पारख’ : भाग ६

जालन्यात लोखंडाचा भाव काट्यावर ठरतो. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांकडे भंगाराचे ट्रक येतात, माल वितळतो आणि दुसऱ्या टोकाने बांधकामाची सळई बाहेर पडते. भंगारातही प्रती असतात, पण त्या जाडीच्या आणि स्वच्छतेच्या. मोडकी कानस, ट्रकच्या कमानीचा पाटा आणि खिडकीचा गज भट्टीत गेले की त्यांचं वेगळेपण संपतं. सळईच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. एफई ५०० प्रतीच्या सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के चालतो, कारण तिला वाकायचं असतं, कापायचं नसतं. घोटाळा होतो तो हीच काट्याची नजर हत्यारांच्या बाजारात वापरली की. ‘चांगली भरीव आहे, हाताला जड लागते’ एवढ्यावर जुनी पटाशी उचलली जाते. लाकूडकामाचा नाद असलेली मंडळी आता जपानमधल्या वापरलेल्या पटाश्या ऑनलाइन लिलावातून मागवतात, आणि तिथे ही सवय फार महाग पडते. अशा पटाशीची किंमत करायची ती धारेमागे वापरण्याजोगं किती पोलाद शिल्लक आहे यावर. बाकी सगळं त्यानंतर.

याचं कारण तिच्या घडणीत आहे. आपल्याकडच्या दुकानातली पटाशी एकाच पोलादाची असते. लोहाराकडून करून घेतलेली असेल तर बहुतेकदा जुन्या कानशीची किंवा कमानपाट्याची. जपानी पटाशी, म्हणजे नोमी, दोन धातूंची असते. पात्याचा बराचसा भाग मऊ लोखंडाचा, आणि पाठीला कडक पोलादाचा पातळ थर तापवून, ठोकून एकजीव केलेला. जपानमधल्या यासुगीच्या कारखान्यात निघणाऱ्या ‘पांढरा कागद क्रमांक १’ या जातीच्या पोलादात कार्बन १.२५ ते १.३५ टक्के असतो, म्हणजे आपल्या सळईच्या चौपटीहून जास्त. पाणी दिल्यावर ते इतकं कडक होतं की सबंध पातं त्याचंच केलं तर हातोडीच्या घावाने टवका उडायची भीती, आणि सहाणेवर घासता घासता माणूस दमून जाईल. मऊ लोखंड घाव सोसतं आणि लवकर घासलं जातं. धार मात्र फक्त त्या थराची. हातात जे वजन लागतं त्यातला मोठा हिस्सा अशा लोखंडाचा, ज्याला धार धरताच येत नाही.

पारख करायची ती तीन फोटोंवरून, आणि विक्रेत्याकडे ते हट्टाने मागावेत. पहिला बाजूने, पात्याची लांबी दाखवणारा, शेजारी मोजपट्टी ठेवून. सुताराच्या रोजच्या कामातल्या ओइरे-नोमीचं नवं पातं साधारण ६० मिलिमीटरच्या वर असतं. ते ३० वर आलं असेल तर निम्मं आयुष्य आधीच्या मालकाने वापरलं, आणि भावही तसाच हवा. दुसरा फोटो धारेच्या उताराचा. सहाणेवर घासलेल्या उतारावर दोन धातू वेगळे दिसतात: मऊ लोखंड करडं आणि धुरकट, पोलादाची पट्टी चकचकीत. ती पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग हवी. जोडावर काळी रेघ किंवा फट दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा. तिसरा फोटो पाठीचा. मला विचाराल तर सगळ्यांत बोलका हाच. जपानी पटाशीची पाठ मधोमध खोलगट घासलेली असते, म्हणजे सपाट करताना फक्त कडा घासाव्या लागतात. धार मागे सरकत जाते तशी पाठ पुन्हापुन्हा घासावी लागते, कडांच्या सपाट पट्ट्या रुंद होतात आणि खोलगट भाग आक्रसतो. लांब पातं पण पाठीचा खळगा जवळजवळ गेलेला, अशी पटाशी पाहिली की समजावं, कुणीतरी पातळ थर पाठीकडून उधळला आहे. लांबी शाबूत, पोलाद खर्ची.

गंजाबद्दल दोन टोकं ऐकू येतात: कुणी लालसर पातं पाहून पाठ फिरवतो, कुणी ‘घासलं की जाईल’ म्हणून मोकळा होतो. दोघांनीही गंज कुठे आहे ते पाहिलेलं नसतं. मानेवरचा, पात्याच्या वरच्या अंगाचा गंज दिसायला वाईट, एवढंच. पाठीवर, धारेच्या लगत टोचल्यासारखे खड्डे असतील तर मात्र प्रत्येक खड्डा पुढे धारेत येऊन खाच होणार. ते घासून काढायचे तर खर्च होतो तो नेमका महाग थर.

आता नावाचा आक्षेप. ‘पोलाद कितीही उरो, घडवणारा कोण ते महत्त्वाचं.’ नामांकित जपानी लोहार चियोझुरु कोरेहिदे (१८७४–१९५७) यांच्या हातची पटाशी असेल तर संग्राहक तिला हत्यार म्हणून विकत घेतच नाहीत. तो बाजार वेगळा, आणि तिथे नकलाही भरपूर. पण एरवी पात्यावरचा शिक्का अनेकदा लोहाराचा नसून घाऊक व्यापाऱ्याचा असतो. त्या शिक्क्याखाली मिकी या हत्यारं घडवणाऱ्या जपानी गावातला माल असेल किंवा तशाच सान्जोतला. १८७६ मध्ये जपानमध्ये तलवार लावून चारचौघांत फिरायला बंदी आली आणि तलवारीचे लोहार हत्यारांकडे वळले, ही हकिगत खरी आहे. ती गेल्या पन्नास वर्षांतल्या कारखानी पटाशीला चिकटवून भाव चढवणं ही विक्रेत्याची कला. नावाचे पैसे द्यायला हरकत नाही, पण पोलादाचे पैसे वेगळे मोजून झाल्यावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही हत्यारं सुगी, हिनोकी अशा मऊ लाकडासाठी घडवलेली. आपल्याकडच्या बाभळीत, शिसवीत धार तुटते, आणि सागातल्या वाळूसारख्या कणांनी ती लवकर बोथटते. हे खरं आहे. उताराचा कोन ३० अंशांवरून ३५ वर नेला की तुटणं बरंच कमी होतं, पण खिळे असलेल्या जुन्या चौकटी उकलणाऱ्याने किंवा दिवसभर प्लायवूडवर काम करणाऱ्याने या भानगडीत पडू नये. त्याला साधी दुकानातली पटाशीच फायद्याची. म्हणजे उरलेल्या पोलादाचं मोल कामानुसार कमी-जास्त होतं. तरी मोजायचं पोलादच, कारण दुसरं काही कामाला येत नाही.

कडकपणा फोटोत दिसत नाही, हेही मान्य. ग्राइंडरवर धार तापवून निळी पडली असेल तर तिथलं पोलाद मऊ झालं. निळसर डाग दिसला की तेवढे मिलिमीटर लांबीतून वजा करून भाव सांगावा. डाग आधीच घासून काढलेला असू शकतो, म्हणून पार्सल हाती आल्यावर पाठीच्या कोपऱ्यावर, धारेजवळ, बारीक कानस हलकेच फिरवावी. ती घसरली तर ठीक. चावली तर माल परत.

मुठीची चिंता सर्वांत कमी. ओकची मूळ मूठ फुटली असेल तर उलट घासाघीस करायला बरं. बाभळीची नवी मूठ आपल्याकडे कुणीही सुतार बसवून देईल. वरची लोखंडी कडी तेवढी सोबत मागून घ्यावी, कारण हातोडीच्या घावाने मूठ चिरू नये हे काम तीच करते. पाठ सपाट करण्याची पद्धत पुढच्या भागात.