सतरा सप्टेंबर आणि इंग्रजीचा भूतकाळ

इंग्रजी काळांचा सराव म्हणजे बहुधा सुट्या वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरणं. ‘हॅड’चं खरं काम मात्र दोन घटनांतली आधीची कोणती हे दाखवणं, आणि सुट्या वाक्याला आधी-नंतर कुठलं असणार? ‘मी काल नांदेडला गेलो होतो’ हे मराठीत सहज चालतं; म्हणूनच मुलं ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ लिहितात. मराठवाड्यातल्या लोह्याच्या मुलांना यावर उतारा गावच्या इतिहासातच मिळेल. 15 ऑगस्ट 1947ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आता ‘व्हेन द आर्मी एंटर्ड, इंडिया हॅड ऑलरेडी बिकम फ्री’ या वाक्यातला ‘हॅड’ पाठ करावा लागत नाही. घटनाक्रमच तो मागतो.

इतिहास आधीच रुक्ष, त्यात इंग्रजीची भर कशाला, असं कुणी म्हणेल. शब्दसंपत्तीची अडचण खरीच आहे. पण ‘रूल्ड’, ‘फॉट’, ‘लेफ्ट’, ‘जॉइन्ड’ अशा मोजक्या क्रियापदांवर या इतिहासाचा इंग्रजी परिच्छेद उभा राहतो. चुका होतीलच. त्या तपासताना शिक्षकांनी आधी घटनाक्रम विचारावा, स्पेलिंग मागाहून.