सिस्टर, मला काय झालंय?

घरात कुणाला कॅन्सर निघाला की उपचारांच्या आधी एक वेगळाच निर्णय होतो: पेशंटला सांगायचं की नाही. मुलगा किंवा जावई डॉक्टरांना बाजूला गाठून ‘त्यांना कळू देऊ नका’ असं सांगतो आणि डॉक्टरही बऱ्याचदा ते मान्य करतात. राउंड संपवून ते निघून जातात. रात्री सलाईन बदलायला नर्स येते, तेव्हा पेशंट तिला विचारतो, ‘सिस्टर, मला नेमकं काय झालंय?’ बाहेर जे ठरलं त्यात तिचं मत कुणी घेतलेलं नसतं. ते सांभाळायचं मात्र तिनेच. नर्सिंगच्या शिक्षणात नीतिशास्त्र शिकवलं जातं, पण या प्रश्नापाशी ते तोकडं पडतं, असं माझं म्हणणं आहे. तत्त्वं विद्यार्थिनीच्या वहीत उतरतात. ती वापरायची कशी आणि कुणाच्या आधारावर, हे कुणी सांगत नाही.

तत्त्वांची वाण नाही. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ साली आचारसंहिता स्वीकारली, भारतीय नर्सिंग काउन्सिलचीही स्वतःची आहे आणि पेशंटच्या हक्कांचा आदर दोन्हींत आहे. कायदाही संदिग्ध नाही. दिल्लीतल्या समीरा कोहली यांना तपासणीसाठी भूल दिलेली असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की पेशंट सज्ञान आणि विचारक्षम असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईची संमती चालणार नाही. पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. तरीही आपल्या वॉर्डांत आजही सहीसाठी आधी ‘नातेवाईक कोण?’ अशी हाक जाते, आणि स्त्री पेशंट असेल तर नवऱ्याचीच वाट पाहिली जाते. संमतीपत्र घेऊन धावपळ करते ती पुन्हा नर्सच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की माणसाला एकटं धरून त्याची इच्छा विचारणं ही पाश्चात्त्यांची रीत. आपल्याकडे आजारपण अख्ख्या घराचं असतं. यात तथ्य आहे. दवाखान्याचा खर्च, डबा, रात्रीचा मुक्काम हे सगळं घर करतं, तेव्हा घराला बाजूला सारून नैतिकता शिकवणं पोकळच ठरेल. पण ‘माझं काय ते मुलगा ठरवेल’ असं पेशंटने म्हणणं आणि मुलाने परस्पर ठरवून टाकणं यांत फार अंतर आहे. पहिल्यात पेशंटने स्वतःचा अधिकार स्वतःच्या मर्जीने सोपवलेला असतो. हे अंतर कळायला त्याला एकदा विचारावं लागतं: तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय? शिवाय लपवणं साधतं तरी कितीसं? केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूसच बहुधा सगळं सांगून मोकळा होतो.

निदान सांगणं डॉक्टरांचं काम, नर्सने त्यात पडू नये, हा दुसरा आक्षेप. निदान तिने सांगू नये, हे मलाही मान्य आहे. पण पेशंट विचारतोय हे केसपेपरवर लिहिणं, डॉक्टरांपुढे ठेवणं आणि तोवर त्याच्याशी खोटं न बोलणं हे तिचंच काम आहे. खोटं न बोलता, निदानही न फोडता उत्तर देणं इंजेक्शन देण्याइतकंच शिकण्याजोगं कसब आहे. अडचण अशी की आपल्या रुग्णालयांतल्या उतरंडीत विद्यार्थिनीच्या अंगी पहिल्या वर्षापासून जे मुरतं, ते म्हणजे वरच्याला उलट न विचारणं.

नर्सच्या शब्दाला वजन मिळाल्याचं मोठं उदाहरण मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर २०११ साली निर्णय देताना, त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने याचिकाकर्तीला न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण वर्षानुवर्षांची शुश्रूषा त्यांनी केली होती. दयामरणाच्या निकालाबद्दल मतभेद असू शकतात. पण जवळ राहून सेवा करणाऱ्याला पेशंटबद्दल बोलण्याचा अधिकार असतो, हे सूत्र एका असाधारण खटल्यापुरतं का ठेवावं?

राहता राहिला वेळ. भारतीय नर्सिंग काउन्सिलच्या निकषाप्रमाणे शिक्षण-रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात डोकावलेल्या कुणालाही हे प्रमाण स्वप्नवत वाटेल. शिकाऊ मुलींनाही तिथे कमी पडणाऱ्या हातांच्या जागी उभं केलं जातं. अशा गर्दीत पेशंटशी बोलत बसणं ही चैन ठरते, हे खरं. म्हणूनच भरतीची मागणी हीसुद्धा नीतिशास्त्राचीच मागणी आहे. पण भरती होईपर्यंत एवढं तरी करता येईल: २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा आहे, तिथे पुतळ्यावर कॅथेटर घालण्याच्या सरावाबरोबर खरा माणूस समोर बसवून त्याला ‘सिस्टर, मला काय झालंय?’ हाच प्रश्न विचारायला लावावा आणि विद्यार्थिनीच्या उत्तराला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत.