गाडी बाराची, सामान साठचं

धुळ्यात पारोळा रोडवरच्या एका गॅरेजात मागच्या पावसाळ्याआधी एक जर्मन एसयूव्ही उभी होती. काळीभोर, कातडी सीटा, वर काचेचं छत, दिल्ली पासिंग. घ्यायला आलेला तरुण कापूसवाला मिस्त्रीला सांगत होता, "साठ लाखनी गाडी शे भाऊ, बारामा भेटी ऱ्हायनी." मिस्त्री चाकाच्या आत बॅटरी मारून बघत होता. मान वर न करता म्हणाला, "गाडी बारानी, पन सामान साठनंच शे."

सेकंडहँड आलिशान गाडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज या एका वाक्यात निघतो. गाडीचा भाव दहा वर्षांत कोसळतो, सुट्या भागांचा कोसळत नाही. हेडलाइट फुटला तर दुकानदार तुम्ही गाडी कितीला घेतली ते विचारत नाही. शिवाय अशा कंपन्यांचं वर्कशॉप गाठायचं म्हणजे नाशिक नाहीतर छत्रपती संभाजीनगर, दोन्हीकडे साधारण दीडशे किलोमीटर. बंद पडलेली ऑटोमॅटिक फोर बाय फोर दोरी बांधून ओढत नेता येत नाही, चारही चाकं उचलणारी गाडी बोलवावी लागते.

मिस्त्री बघत होता ते एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली रबरी पिशवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, त्यात हे रबर वाळतं, घडीवर बारीक चिरतं. हवा थोडी थोडी सुटते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो. म्हणजे चूक पिशवीची, भुर्दंड दोघांचा. तपासायला स्कॅनर लागत नाही. रात्री सपाट जागी गाडी लावायची, चारही चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप लावून मापं लिहून ठेवायची, सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा मोजायची. त्या काळ्या गाडीचं डावं पुढचं अंग सकाळी चार बोटं खाली आलेलं होतं.

"फोर बाय फोर आहे, कुठेही जाईल." हे वाक्य ऐकलं की मला कापडण्याच्या शिवारातली एक दुपार आठवते. दोन टनांवरची गाडी, चारही चाकांना ताकद, आणि वखरलेल्या काळ्या रानात ती जागच्या जागी चार खड्डे करत बसलेली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की टायर गुळगुळीत लाटणं होतो. मग इंजिन किती ताकदीचं आहे याला अर्थ उरत नाही, पकड टायर देतो. ओढायला ट्रॅक्टर आला, तर गाडीचा हुकच नाही. या गाड्यांत हुक वेगळा असतो, हत्यारांच्या डब्यातून काढून बंपरच्या भोकात आटे फिरवून बसवायचा, आणि जुन्या गाडीत तो डबा बहुधा आधीच्या मालकाकडेच राहिलेला असतो. शेवटी साखळी सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला बांधली. गाडी निघाली, आर्म वाकला.

बरं, फोर बाय फोर ही एकच गोष्ट नाही. 2009 ला आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरची फोर बाय फोर कायम चारही चाकांवर चालायची. 2016 च्या दुसऱ्या पिढीत ती गरजेपुरती बटणानं लावायची झाली. ही गरजेपुरती पद्धत कोरड्या डांबरावर लावून ठेवली तर वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि मध्ये तो फरक पचवणारा डिफरन्शियल नसतो. शाफ्ट पीळ खातात. लळिंग घाटात "जरा पकड मिळावी" म्हणून बटण दाबणारे आपलीच गाडी पिळत असतात. बीएमडब्ल्यू, ऑडीच्या बहुतेक एसयूव्हींमध्ये वाटणी यंत्रणा स्वतःच करते, पण लो रेंज, म्हणजे हळू चालून जास्त ओढणारा गिअर, नसतो. त्या ओल्या रस्त्यासाठी चांगल्या, नांगरटीसाठी नाहीत.

टायर दोन नवे, दोन जुने असतील तर सौद्यात जपून. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून तो जास्त फेरे घेतो. यंत्रणेला वाटतं चाक घसरतंय, पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा क्लच दिवसभर राबतो, तापतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2219 म्हणजे 2019 सालचा बाविसावा आठवडा. चारही टायरवर ते वाचा. स्टेपनीवरचेही.

"गिअरचं तेल आयुष्यभराचं, बदलायचं नाही." हे आयुष्य कुणाचं, ते कोणी सांगत नाही. बऱ्याच आलिशान गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते.

आता कागद. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त म्हणजे खराबच, हाही गैरसमज. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. भाव त्यामुळे पडले. 2025 मध्ये न्यायालयानं कारवाईला लगाम घातला, पण कायद्याच्या टांगत्या तलवारीनं भाव खाली ओढलेच. दिल्लीत भरलेला रोड टॅक्स मात्र इथे चालत नाही. महाराष्ट्राचा कर वेगळा, गाडीच्या वयाप्रमाणे कमी केलेला. नव्या, वीस लाखांवरच्या खासगी डिझेलला तो 15 टक्के आहे हे लक्षात घेऊन हिशेब करा. परराज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर धुळ्याचा एमएच-18 नंबर घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी तिकडची एनओसी लागते.

विकणाऱ्यांचाही एक लाडका गैरसमज: "सही दिली, पैसे घेतले, विषय संपला." 2018 च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार निकालात गाडी हातोहात विकली गेली होती, तरी अपघाताची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं नोंदणीवर नाव असलेल्या मूळ मालकावर टाकली. विम्याचा नो क्लेम बोनसही मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो विकत मिळत नाही. आणि जुन्या गाडीवर 18 टक्के जीएसटीची जी आवई उठली, तो जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो. घरगुती व्यवहारात लागत नाही.

ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर गाजलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्या गाड्यांची मुदत 2025 मध्ये संपली. अशी गाडी कोणी देऊ केली, तर आधी आरसीवरची तारीख बघा, मग काचेचं छत.

कापूसवाल्या तरुणानं टोकन दिलं नाही. गाडी विकणाऱ्या दलालाला म्हणाला, एनओसी हातात दे, मग बोलू. दलालानं आठ दिवस मागितले. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.