वास येतो, थेंब दिसत नाही

आमच्या घरी एक जुनी मोटार आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्याजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला. रोज नव्हे, एखाद्या दुपारी यायचा आणि मग आठ-दहा दिवस त्याचा मागमूसही नसायचा. मोटार उभी राहते त्या पडवीला लागूनच न्हाणीघर आहे व तिथे सकाळी बंब पेटतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून पहिल्याच दिवशी मोटार पडवीतून काढून उघड्या अंगणात उभी केली.

गॅरेजला तीन खेपा झाल्या. दोनदा इंजिनाजवळची रबरी नळी बदलली. तिसऱ्या खेपेस मेस्त्री म्हणाले, “सर, कुठंच गळत नाही बघा.” ते खरेच सांगत होते. मी सवड काढून मोटार नेईपर्यंत गळती थांबलेली असे, आणि सांडलेले थोडेसे पेट्रोल उन्हात काही मिनिटांतच उडून जाते. मागे डाग म्हणून फारसा राहत नाही.

तेव्हा लक्षात आले, की दोष अधूनमधून दिसत असला तरी त्याचे कारण कायम जागेवरच असते; बदलते ती परिस्थिती. मग ‘कुठे गळते’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘केव्हा गळते’ ते वहीत टिपू लागलो. इंजिन चालू असताना वास येत असेल, तर पंपापासून इंजिनापर्यंतचा दाबाचा मार्ग पाहावा. इंजेक्शनच्या मोटारीत हा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो. पहाटे गार इंजिन सुरू करताना येत असेल आणि इंजिन तापल्यावर जात असेल, तर जुनी, कडक झालेली रबरी कडी संशयास्पद. मोटार नुसती उभी असताना येत असेल, तर टाकीकडे वळावे.

महिनाभराच्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. वास टाकी भरून आणलेल्या दिवशीच, तोही मोटार उन्हात उभी असताना यायचा. टाकी पाऊण झाली की बंद.

पुढचे काम पदार्थविज्ञानाचे. पंपावरचे पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून येते, म्हणून ते गार असते. एक लिटर पेट्रोल एका सेल्सिअस अंशाला सुमारे ०.९५ मिलिलिटर प्रसरण पावते. ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापले, तर ४० × १५ × ०.९५ म्हणजे ५७० मिलिलिटर वाढ! त्यासाठी टाकीत जागा सोडलेली असते. पण नळी आपोआप बंद झाल्यावरही रक्कम पुरती करण्यासाठी आणखी थोडे भरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती जागा अशी आपणच भरून टाकतो आणि वाढलेले पेट्रोल भरणीच्या नळीत चढते.

त्या नळीचा रबरी जोड मागच्या चाकाजवळ होता. तो पुसून कोरडा केला, त्यावर खडूची पूड चोळली आणि टाकी काठोकाठ भरून मोटार उन्हात ठेवली. (हे उघड्यावरच करावे, जवळ विस्तव नको, उजेडासाठी विजेरीच वापरावी.) दुपारी दोन वाजता पांढऱ्या पुडीवर बोटभर ओली रेघ उमटली. पट्टीखाली रबराला वरच्या बाजूने बारीक चीर होती. पेट्रोल तिथवर चढले तरच गळणार. वेल्डिंगचे जोड तपासताना एका बाजूस खडूचा लेप व दुसऱ्या बाजूस रॉकेल लावतात, तीच ही युक्ती.

मेस्त्रींनी तो जोड अर्ध्या तासात बदलला. नवी नळी पेट्रोलसाठीचीच हवी. पाण्याची नळी पेट्रोलने फुगून मऊ पडते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेही तिला सोसले पाहिजे.

तीन खेपांचा खर्च माझ्याच घाईचा होता. मेस्त्रींना मी प्रत्येक वेळी ‘वास येतो’ एवढेच सांगितले; ‘टाकी भरल्यावर, उन्हात’ हे शब्द पहिल्याच दिवशी सांगता आले असते, तर त्यांनी इंजिनाचे झाकण उघडलेच नसते. मोटार आता पुन्हा पडवीत उभी असते. पंपावर नळी बंद झाली, की मी टोपण लावून घेतो.