कुत्रीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत?
नाही हो! या समजाला वैद्यकीय आधार नाही. उलट नसबंदीनं गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा धोका टळतो.

तरी ठरवलंच असेल, तर श्वानप्रजननाचे २०१७चे केंद्रीय नियम वाचा: मादी किमान १८ महिन्यांची, आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेतं, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. लॅब्राडोर असेल तर आधी खुब्याचा एक्स-रे काढा. खुब्याच्या सांध्यातला दोष पिल्लांत उतरतो.

आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा! गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. मार्चमध्ये मेटिंग केलं की पिल्लं ऐन मे महिन्यात, ४५ अंशांत. डोळे मिटलेलं पिल्लू कूलरच्या झोतात गारठतं, बंद खोलीत तापतं. स्वतःचं तापमान त्याला सांभाळता येत नाही.

आठ पिल्लं झाली आणि एकालाही घर मिळालं नाही, तर ती ठेवाल कुठे?