अंगावरचं दूध आणि तारखेचा दिवस

तुरुंगात बाळाला अंगावर पाजायला मनाई नाही. पण बाळंतिणीला दूध यायला पोटभर जेवण लागतं, पाणी लागतं, झोप लागते आणि मुख्य म्हणजे बाळ जवळ लागतं. ते जितकं पितं तितकं दूध तयार होतं. पाजण्यात खंड पडला की दूध साचून गाठी येतात, ताप चढतो आणि हे वरचेवर होऊ लागलं की दूध आटतं.

म्हणून कोर्टाची तारीख या बायकांना जड जाते. पोलिसांची गाडी, कोर्टातलं लॉकअप, पुकाऱ्याची वाट. बाळाला बरोबर न्यावं तर त्याला पाजायला आडोसा मिळेलच असं नाही. बराकीत दुसऱ्या बाईच्या हवाली करावं, तर इकडे पान्हा दाटतो आणि तिकडे ते भुकेनं रडतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत १,५३७ बायका १,७६४ मुलांसह राहत होत्या. त्यांतल्या १,३१२ कच्च्या कैदी होत्या. म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच व्हायचा होता!

नियम चांगले आहेत. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी सांगितलं, की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकेल, त्याच्यासाठी पाळणाघर असावं, बारशाची सोय व्हावी आणि जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येऊ नये. शक्य तिथे बाळंतपण तुरुंगाबाहेरच व्हावं, हेही त्यात आहे. संयुक्त राष्ट्रांचे २०१०चे बँकॉक नियम तर स्पष्टच म्हणतात, की प्रकृतीचं ठोस कारण नसेल तर आईला स्तनपानापासून परावृत्त करू नये आणि तिला पुरेसं अन्न वेळेवर, मोफत मिळावं.

पण यातली बरीच ओढाताण जामिनानेच टळेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२४ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका गरोदर कच्च्या कैदीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० नुसार जन्मठेपेच्या गुन्ह्यातही बाईला जामीन देण्याची मुभा न्यायालयाला आहे.

जामीन मंजूर होऊनही गरीब बाई आतच राहते, कारण पैसे नसतात. त्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना आणली. जिल्ह्याची समिती कच्च्या कैद्यासाठी मदत मंजूर करू शकते; २०२३ मध्ये तिची मर्यादा ४० हजार रुपये होती. तान्ह्या मुलांच्या आयांचे अर्ज या समित्यांनी सगळ्यांत आधी हाती घ्यायला हवेत.