हजेरी एक, तास बारा : पगाराची तुलना करताना होणारी चूक

समजा, सकाळी वाणगाव स्टेशनवर बोईसरची गाडी पकडणाऱ्या दोघांना तुम्ही रोज किती मिळतो ते विचारलंत. दोघंही तारापूर एमआयडीसीत जाणारे. एक म्हणाला 600 रुपये, दुसरा 780. दुसऱ्याची कंपनी जास्त पगार देते, असं तुम्ही लिहून टाकाल. पण शिफ्ट किती तासांची, हे विचारलंत का? पहिल्याची 8 तासांची, म्हणजे तासाला 75 रुपये. दुसऱ्याची 12 तासांची, म्हणजे तासाला 65. निष्कर्ष उलटा झाला!

हीच चूक मोठ्या डेटातही होते. कारखान्यांतल्या वेतनावर काम करायचं तर आपण वार्षिक उद्योग सर्वेक्षण (एएसआय) उघडतो. त्यात थेट कामगार आणि ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार वेगळे दाखवलेले असतात, ही मोठी सोय. पण काम मोजायचं एकक आहे ‘मनुष्यदिवस’, म्हणजे प्रत्येक शिफ्टच्या हजेरीची बेरीज. शिफ्ट 8 तासांची असो वा 12 ची, हजेरी एकच. ओव्हरटाइमचे पैसे मात्र वेतनात धरले जातात. म्हणजे अंश वाढतो, छेद तेवढाच राहतो, आणि जास्त राबवणारा कारखाना कागदावर जास्त पगार देणारा दिसतो.

आता कायदा बघा. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 प्रमाणे दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांपुढच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागे. त्या हिशेबाने तासाला 75 धरले तर 12 तासांचे 675 अधिक 450, म्हणजे 1125 रुपये होतात. आपल्या उदाहरणातल्या दुसऱ्या कामगाराला मिळतात 780. रोजचे 345 रुपये कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत.

मग तास कुठे मिळतील? 2017-18 पासूनच्या पीएलएफएसमध्ये आठवड्यात किती तास काम केलं ते विचारतात. पण ती पाहणी घरोघरी होते, त्यातून कामगाराच्या कारखान्याचा हिशेब कळत नाही. एकीकडे कारखाना आहे, तास नाहीत. दुसरीकडे तास आहेत, कारखाना नाही.

म्हणून फील्डवर जाल तेव्हा ‘पगार किती?’ एवढंच विचारून थांबू नका. शिफ्ट किती तासांची, ओटी कोणत्या दराने, पैसे कंपनी देते की ठेकेदार, कापून हातात किती येतात, हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रिग्रेशन त्यानंतर.